गाडी भरून बघा: घरासाठी मध्यम आकाराची एसयूव्ही पारखताना

आमच्या घरात गाडी बदलायची ठरली तेव्हा पहिल्या टेस्ट ड्राइव्हला मी एकटाच गेलो. शेजारी सेल्समन, एसी मंद, दुपारी तीनचा मोकळा रस्ता. गाडी लोण्यासारखी पळाली आणि मी जवळपास बुकिंग करूनच घरी येणार होतो. बायकोने अडवलं. आठ दिवसांनी तीच गाडी पुन्हा मागून घेतली. या वेळी मागे आई, बाबा आणि वहिनी, डिकीत दोन बॅगा आणि तांदळाचं एक पोतं, आणि रस्ता कात्रजच्या जुन्या घाटाचा. दुसऱ्या वळणावर गिअर खाली घ्यावा लागला, तिसऱ्यावर आणखी खाली. मध्ये बसलेली वहिनी अंग चोरून बसली होती. खाली उतरल्यावर आई एवढंच म्हणाली, "चढायला पाट ठेवावा लागेल रे."

गाडी तीच होती, फक्त भरलेली होती. आपण शोरूममध्ये रिकामी गाडी बघतो आणि पुढची आठ वर्षं भरलेली चालवतो. खाली जे लिहितोय ते सगळं या एका फरकाभोवती आहे.

आधी वही, मग शोरूम

मागच्या बारा महिन्यांत गाडी कुठे कुठे गेली ते लिहून काढा. ऑफिसला रोज किती किलोमीटर, गावाला किती फेऱ्या, त्यांतल्या किती वेळा पाच माणसं होती, घाट किती वेळा लागला. बहुतेक घरांत उत्तर असं निघतं: वर्षातले तीनशे दिवस एक-दोन माणसं, आणि गणपती, दिवाळी, मे महिना, लग्नसराई एवढेच दिवस गाडी खचाखच. असे खचाखच दिवस वर्षाला दोन-चारच असतील तर मध्यम एसयूव्ही घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. छोटी गाडी घ्या आणि त्या दोन-चार दिवसांना भाड्याने मोठी करा.

कारण चार मीटरच्या रेषेच्या पलीकडे जाण्याची किंमत आता ठळक झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के. त्यावर गेलात की ४० टक्के. क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा, हायरायडर, एलिव्हेट, कुशाक, टायगुन, कर्व्ह या सगळ्या रेषेच्या पलीकडच्या. साधारण ११ लाखांपासून २० लाखांपर्यंत एक्स-शोरूम हा यांचा टापू. जास्तीचा कर भरून तुम्ही मुख्यतः मागची सीट आणि डिकी विकत घेत असता. तेव्हा बोनेटच्या रुबाबाआधी या दोन गोष्टी पारखायच्या.

पार्किंगची टेप

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते कुणी करत नाही. क्रेटाची रुंदी १,७९० मिलिमीटर. बाकीच्याही याच्या आसपास. आरसे त्यात धरलेले नसतात. आपल्या जागेची रुंदी मोजा, त्यातून गाडी वजा करा, आणि उरलेल्या फटीत दार उघडून आई उतरू शकेल का ते बघा. सोसायटीत स्टॅक पार्किंग, म्हणजे गाडीवर गाडी चढवायची सोय, असेल तर पाटीवरची उंची आणि वजन वाचा. जुन्या इमारतींतल्या कित्येक स्टॅकमध्ये सेडानचीच उंची धरलेली असते, आणि या गाड्या छतावरच्या दांड्यांसकट १.६ मीटरच्या वर जातात. कागद झाल्यावर हे कळलं तर बोलून काही उपयोग नाही.

मागची सीट: इथे अर्धा तास द्या

शोरूममध्ये सगळे आधी स्टीअरिंगमागे बसतात. तुम्ही मागे जा. चालकाची सीट आधी तुमच्या उंचीला लावून घ्या, मग तिच्याच मागे बसा. सेल्समनने पुढची सीट आधीच पुढे सरकवून ठेवलेली असते, म्हणून मागे ऐसपैस वाटतं.

मग तीन मोठी माणसं शेजारी शेजारी बसवा आणि दहा मिनिटं तशीच बसू द्या. मधल्या माणसाकडे नीट बघा. त्याच्या पायाखाली बोगद्याचा उंचवटा किती आहे? पाठीला घडीचा हँडरेस्ट टोचतो का? डोक्याला टेकू आहे का? आणि त्याच्यासाठी खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा आहे का, की नुसता कमरेचा? व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जास्त म्हणजे मागे जागा जास्त, असं सरधोपट धरू नका. कुशाकचा व्हीलबेस २,६५१ मिलिमीटर, क्रेटाचा २,६१०; तरी क्रेटाची मागची सीट तिघांना जास्त मोकळी वाटते, कारण तिथे प्रश्न रुंदीचा असतो. कागदावरचा आकडा आणि तीन ढुंगणं यांत ढुंगणांचं ऐकावं.

वयस्कर माणसांसाठी एकच कसोटी: सीटची कड त्यांच्या कमरेच्या जरा खाली यावी. फार खाली असली तर उठताना गुडघ्यावर जोर येतो, फार वर असली तर चढावं लागतं. दाराखालचा उंबरठा किती रुंद आहे तेही बघा. पावसाळ्यात तो चिखलाने माखतो आणि उतरताना साडी किंवा पँट तिथेच पुसली जाते. आमच्या आईने तीन गाड्यांमधली एक केवळ या कारणाने बाद केली, आणि आता मला पटतं की तिचं बरोबर होतं.

लहान मूल असेल तर त्याला त्याच्या सीटवर बसवून विचारा, बाहेर काय दिसतं? हल्ली मागच्या खिडकीची खालची रेघ शेवटाकडे वर चढत जाते. दिसायला झोकदार, पण मुलाला समोर नुसतं काळं प्लास्टिक दिसतं. ज्या पोराला घाटात गाडी लागते त्याला अशा खिडकीशेजारी बसवलंत तर आंबा घाट संपेपर्यंत तीन पिशव्या लागतील. चाइल्ड सीट वापरणार असाल तर ती घरून घेऊन जा आणि आयसोफिक्सच्या, म्हणजे ती अडकवायला गाडीच्या सीटमध्ये दिलेल्या, कड्यांत स्वतः बसवून बघा.

डिकीचे लिटर

डिकीचा आकडा सगळेच फेकतात: क्रेटा ४३३ लिटर, एलिव्हेट ४५८, कुशाक ३८५. लिटरमध्ये सामान कुणी भरत नाही. घरातली सगळ्यात मोठी बॅग आणि एक मधली बॅग घेऊन जा, मागचा पडदा न काढता त्या बसतात का बघा. डिकीचा ओठ किती उंच आहे, म्हणजे गॅसची टाकी किंवा पोतं किती उचलावं लागेल, तेही बघा.

दोन ठिकाणी जागा गुपचूप कमी होते. एक, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही गाडी ओढते ती जात. ग्रँड व्हिटारात बॅटरी डिकीच्या तळाशी येते आणि ३७३ लिटरची डिकी २६५ वर उतरते. दोन, सीएनजी. टाकी डिकीत असेल तर गावाला जाताना बॅगा मांडीवर. व्हिक्टोरिससारख्या गाडीत ती तळाखाली बसवलीय, तेव्हा सीएनजी हवाच असेल तर आधी डिकी उघडून बघा. स्टेपनीही काढायला लावा. ती बाकी चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर ताशी ८०च्या आत हळूहळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं असतं. हे माहीत असलेलं बरं, गगनबावड्यात रात्री कळण्यापेक्षा.

इंजिन: अश्वशक्ती वाचू नका, टॉर्क वाचा

टॉर्क म्हणजे इंजिनाचा चाकं फिरवणारा जोर; तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात, अश्वशक्ती पीएसमध्ये. क्रेटाचंच उदाहरण घेऊ, कारण तिच्यात तिन्ही जाती मिळतात. साधं १.५ लिटर पेट्रोल: ११५ पीएस, १४४ न्यूटन मीटर. डिझेल: ११६ पीएस, २५० न्यूटन मीटर. अश्वशक्ती सारखीच, टॉर्क पावणेदोन पट. आणि डिझेलचा तो टॉर्क मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासून मिळतो, तर साध्या पेट्रोलला आपल्या १४४ साठीही इंजिन ४,५०० पर्यंत फिरवावं लागतं. एकट्याने शहरात चालवताना हा फरक जाणवतही नाही. पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन खंबाटकी चढायला लागलात की जाणवतो. साधं पेट्रोल ओरडत वर जातं, डिझेल बोलत बोलत. टर्बो पेट्रोल (१६० पीएस, २५३ न्यूटन मीटर) तर पळतंच, पण जोरात दामटलंत की अ‍ॅव्हरेजही तितक्याच जोरात पडतो.

म्हणजे साधं पेट्रोल वाईट? मुळीच नाही. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर, बहुतेक शहरात, घाट क्वचित, अशा घराला तेच योग्य. कमी भानगडी, कमी किंमत. घाटात जरा धीर धरायचा आणि ओव्हरटेकच्या आधी गिअर खाली घ्यायचा, एवढंच.

डिझेलचा हिशोब मात्र कागदावर मांडा. पेट्रोल १०४ रुपये आणि प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेज १२ धरला तर किलोमीटरला ८ रुपये ६७ पैसे. डिझेल ९० रुपये, अ‍ॅव्हरेज १६ धरला तर ५ रुपये ६३ पैसे. किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात. गाडीची जास्त किंमत आणि जास्त रोड टॅक्स मिळून फरक दोन लाखांचा धरला तर तो भरून निघायला साधारण ६५,००० किलोमीटर लागतात. वर्षाला १० हजार चालवणाऱ्याला साडेसहा वर्षं, २० हजारवाल्याला सव्वातीन. आणि एक गोष्ट सेल्समन सांगत नाही: बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमार्गात काजळी अडवणारी जाळी असते. ती जळून साफ व्हायला अधूनमधून हायवेवर सलग पळवणं लागतं. रोज चार किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडून परत येणाऱ्याने डिझेल घेतलं तर डॅशबोर्डवर दिवा लागणार आणि वर्कशॉपची ओळख वाढणार.

हायब्रिडचं उलटं. कर्वे रोडच्या सिग्नलवर थांबत-सरकत जाणाऱ्याला ते सोनं आहे, कारण तिथे मोटरच गाडी ओढते. हायवेवर तो फायदा आटतो. छापील आकडा, उदाहरणार्थ ग्रँड व्हिटाराचा २७.९७, प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. कोणत्याही गाडीच्या छापील आकड्याचा दोन तृतीयांश मनात धरा, अपेक्षाभंग होणार नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तीन प्रकारांबद्दल थोडक्यात. सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेली, शहरात सगळ्यात गुळगुळीत, पण जोरात दाबलं की आवाज आधी येतो आणि वेग मागाहून. टॉर्क कन्व्हर्टर हा माझ्या मते घरच्या गाडीला सगळ्यात निर्धास्त. डीसीटी, म्हणजे दोन क्लचची, झटपट, मजेदार. पण कोरड्या क्लचची डीसीटी घाटातल्या ट्रॅफिक जॅममध्ये इंच इंच सरकवलीत तर तापते. अशा वेळी पुढे चांगली जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदम पुढे जावं, आणि थांबलं की ब्रेकवरच थांबावं, अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये.

तारे कुणाचे आणि कधीचे

गाडी धडकवून तिला सुरक्षेचे तारे देणारी आपली चाचणी, भारत एनकॅप, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, आणि पहिले पाच तारे त्या डिसेंबरात हॅरियर-सफारीला मिळाले. समोरून धडक ताशी ६४ किलोमीटरला, बाजूने ५० ला. कुशाक आणि टायगुन या चाकणला बनणाऱ्या जोडीला त्याआधी, २०२२ मध्ये, ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेकडून पाच तारे मिळाले होते. पण जुलै २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने निकष कडक केले, म्हणून २०२० चे तारे आणि नंतरचे तारे एका तराजूत घालू नका. ताऱ्यांच्या शेजारी लहान मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे दिलेले असतात. ४९ पैकी किती ते बघा. घरची गाडी आहे.

आणि मागचा पट्टा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरच्या चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा गाडी महाग होती, एअरबॅग होत्या. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या पट्ट्याची क्लिप सीटच्या फटीत बुडते का, हे शोरूममध्येच बघा. क्लिप सापडत नसेल तर घरात कुणी पट्टा लावणार नाही.

अडास नावाची जी मदतनीस यंत्रणा वरच्या मॉडेलमध्ये येते, तिच्याविषयी माझं मत संमिश्र आहे. समृद्धीवर ती उपयोगी. लक्ष्मी रोडवर रिक्षा आडवी आली की ती स्वतःच घाबरून ब्रेक मारते, आणि मागचा दुचाकीवाला आपल्याला शिव्या ऐकवतो. तिच्यासाठी दीड-दोन लाख जास्त मोजण्याआधी सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) खालच्या मॉडेलमध्येच आहेत का ते बघा. असतील तर मधलं मॉडेल घ्या. सनरूफचं तर काय बोलायचं: एप्रिल-मेमध्ये तो फक्त एसीला त्रास देतो. पण पोरं ऐकत नाहीत, हेही खरं.

दुसरी टेस्ट ड्राइव्ह

पहिली एकट्याने करा, हरकत नाही. दुसरी सकुटुंब, आणि रस्ता तुमचा. शोरूमला आधी फोन करून तासभर मागून घ्या. द्यायला कां-कू करत असतील तर दुसरं शोरूम. मी ठरवलेला क्रम असा होता: सोसायटीचा उतार, वाटेतला सगळ्यात माजोरडा गतिरोधक, खड्ड्यांचा एक किलोमीटर, मग चढ, मग तोच चढ उतरताना.

गतिरोधकावर भरलेली गाडी खाली घासते का ऐका. ग्राउंड क्लिअरन्सचे, म्हणजे पोटाखालच्या मोकळ्या जागेचे, आकडे (क्रेटा १९०, एलिव्हेट २२० मिलिमीटर) बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. खड्ड्यात स्वतःची नव्हे, मागच्यांची प्रतिक्रिया घ्या. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. मागे सरकते का? उतारावर गिअर खाली घेऊन इंजिनाच्या जोरावर वेग धरून ठेवता येतो का, की सारखा ब्रेकच लागतो? ऑटोमॅटिकमध्ये हे विशेष बघा. शेवटी दहा मिनिटं संध्याकाळची करा, म्हणजे हेडलाइटचा उजेडही कळतो, जो कॅटलॉगमध्ये कधीच खराब नसतो.

कोटेशन वाचताना

१५ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर घेतलीत तर रोड टॅक्स १२ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीसच्या वर १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त: त्याच किमतीला २ लाख १० हजार. कंपनीच्या नावावर घेतलीत तर २० टक्के, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय तो मोह करू नका. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, लागतो. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो. पण पॅन नंबर नीट दिलेला हवा.

विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरून कोटेशन आणा. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) तेवढाच, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्ट दोन्हीकडे असं करून मग तुलना करा. आमच्याकडे फरक १७ हजारांचा निघाला आणि तो आकडा दाखवल्यावर शोरूमनेच खाली आणला. त्याच कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' म्हणून साडेआठ हजारांची एक ओळ होती. मी विचारलं, "याची सरकारी पावती कुठली?" समोरच्याने न बोलता पेनने ती ओळ खोडली.

कर्जाचा हप्ता बघून गाडी ठरवू नका. १२ लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे २४,९०० आणि व्याज २ लाख ९५ हजार. सात वर्षांत हप्ता १९,३०० होतो, हलका वाटतो, आणि व्याज सव्वाचार लाखांच्या घरात जातं. त्या सव्वा लाखात टायरचे दोन संच येतात आणि वर पैसे उरतात.

पासिंगच्या आधी

गाडीचं पासिंग होण्याआधी ती यार्डात जाऊन बघा. एकदा तुमच्या नावावर चढली की तक्रारीला धार राहत नाही. दिवसाउजेडी जा, ओल्या गाडीवर रंग बघू नका. पाण्याखाली ओरखडे लपतात. चासी नंबर कागदाशी ताडा. फॉर्म २२ मागा, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. मला एका शोरूमने "कालच आली" म्हणून दाखवलेली गाडी आठ महिने जुनी निघाली होती. जुनी गाडी घेऊच नये असं नाही, पण वर्ष बदललेलं असेल तर विकतानाही ते वर्षच मोजलं जातं, तेव्हा सूट त्या मापाची मागा.

पाचही टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. चार टायर एका महिन्याचे आणि पाचवा वर्षभर जुना असेल तर विचारा. ओडोमीटरवर शंभरच्या वर किलोमीटर असतील तर तेही विचारा. काचांवरचे कोड एकाच मालिकेतले आहेत ना बघा. एखादी वेगळी असेल तर ती बदललेली आहे.

चालकाच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. त्यात दोन ओळी असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, समृद्धीसारख्या काँक्रीटवर सामानासकट निघालात की तोच आकडा लागतो. कारखान्यातून येताना टायरमध्ये हवा बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त भरलेली असते आणि शोरूमवाले ती कमी करायला विसरतात. नारळ फुटला, हार घातला, लिंबं चिरडली, फोटो झाले, की पहिला थांबा पंपावर: टाकीत पेट्रोल जेमतेम घरी पोचण्यापुरतं असेल, आणि हवा स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे करून घ्यायची असेल.